नव्वदच्या दशकातले आमचे तीन चित्रपट

मेडशीत बसून १९९० च्या दशकातले आवडते चित्रपट निवडताना आम्ही कसोटी एकच ठेवली : पडद्यावरचा मुसलमान शेजारी वाटतो का? शायरीतले नवाब आणि बंदूकधारी खलनायक तिथेच बाद झाले. उरले तीन. 'मम्मो'त (१९९४) फरीदा जलाल यांची मम्मो व्हिसापायी बहिणीपासून तोडली जाते. 'नसीम'मध्ये (१९९५) कैफी आझमींनी साकारलेले आजोबा ६ डिसेंबर १९९२ रोजी डोळे मिटतात. घराच्या चार भिंतींतून सईद मिर्झा देशाची पडझड दाखवतात. 'सरफरोश'मधल्या (१९९९) इन्स्पेक्टर सलीमला मात्र निष्ठा सिद्ध करावी लागते, म्हणून तो तिसरा. पण वऱ्हाडी बोलणारे, सोयाबीन-तुरीच्या हिशेबात जगणारे मुस्लिम घर तिन्हींत नाही. ती थकबाकी आपल्याच लेखकांकडे आहे.