काम सोडलेलं प्रथिन

लोणावळ्याची चिक्की आषाढात उघडी राहिली की सादळते. कोरड्या तुकड्यात साखर ठासून भरलेली असते, पण पाणी नसल्यामुळे यीस्टला तिचा काही उपयोग नाही. तोच तुकडा कोमट पाण्यात विरघळवून चिमूटभर यीस्ट टाकलं, तर थोड्या वेळात फेस चढतो. डोळे नाहीत, जीभ नाही, मग साखर आली हे पेशीला कळतं कसं? हा प्रश्न मनात घेऊन खंडाळ्याच्या धुक्यात मी आयआयटी मुंबईचे प्रा. पी. जयदेव भट यांचं ‘गॅलॅक्टोज रेग्युलॉन ऑफ यीस्ट’ (२००८) वाचलं. पुस्तक तांत्रिक आहे. तरी त्यातलं एक प्रथिन मला एखाद्या कथेतल्या पात्रासारखं भेटलं.

प्रसंग असा. यीस्टची पहिली पसंती ग्लुकोजला. ते असेपर्यंत गॅलॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेच्या अर्ध्या भागाची, जनुकं बंद असतात. ग्लुकोज संपलं की गॅल-४ हे प्रथिन डीएनएवर तयारीनं बसलेलं असतं, पण गॅल-८० त्याला बिलगून त्याचं तोंड दाबून धरतं. गॅलॅक्टोज आलं की गॅल-३ पुढे होतं, गॅल-८०ला धरतं, गॅल-४ मोकळं होतं आणि बंद असलेलं जनुक सुमारे हजारपटीनं बोलू लागतं.

गॅल-३ नेमकं करतं काय, यावर खूप वाद झाला. १९४८ मध्ये विंगे आणि रॉबर्ट्स यांनी दाखवलं होतं, की काही यीस्टना गॅलॅक्टोजची सवय व्हायला कित्येक दिवस लागतात. पुढे कळलं, की त्यांच्यात गॅल-३ बिघडलेलं असतं. ते गॅलॅक्टोजपासून एखादं निरोपाचं रसायन बनवत असावं, असा समज होता. १९९२ मध्ये भट आणि जेम्स हॉपर यांनी पेशीत गॅल-३ भरमसाट बनवायला लावलं. गॅलॅक्टोजचा कणही नसताना जनुकं जागी झाली! म्हणजे गॅल-३ निरोप बनवणारा कारागीर नव्हतं, निरोप पोचवणारं तेच होतं. मला या प्रयोगातलं सर्वांत आवडतं ते त्याचं साधेपण: एकच गोष्ट वाढवली आणि वर्षानुवर्षांचं गृहीतक बाजूला सरलं.

गॅल-३चा सख्खा भाऊ म्हणजे गॅल-१, गॅलॅक्टोज पचवण्याची पहिली पायरी करणारं विकर. दोघांची घडण जवळजवळ सारखी. २००० मध्ये मँचेस्टरच्या रिचर्ड रीस यांच्या गटानं गॅल-३मध्ये फक्त दोन अमिनो आम्लं, सेरीन आणि अ‍ॅलनीन, घातली आणि ते गॅल-१सारखं काम करू लागलं. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ज्याला आपण निरोप्या समजत होतो, तो एकेकाळी याच कारखान्यातला मजूर होता. क्लुयव्हेरोमायसिस लॅक्टिस या दुधातल्या यीस्टमध्ये अजूनही एकच प्रथिन दोन्ही कामं करतं. आपल्या यीस्टमध्ये त्या जनुकाच्या दोन प्रती झाल्या, आणि त्यातल्या एकीनं राबणं सोडून निरोप देणं तेवढं ठेवलं.

ग्लुकोजच्या बाबतीतही असंच घडलेलं दिसतं. पेशीच्या त्वचेवरचे एसएनएफ-३ आणि आरजीटी-२ हे साखर आत नेणाऱ्या वाहकांच्याच घराण्यातले, पण स्वतः ओझं वाहत नाहीत. एकाला थोडं ग्लुकोज जाणवतं, दुसऱ्याला भरपूर. १९९६ मध्ये सबीरे ओझ्जान आणि मार्क जॉन्स्टन यांनी दाखवलं, की त्यांच्यातला एक अमिनो आम्लाचा दुवा बदलला तर साखर नसतानाही ते साखरेची वर्दी देत राहतात.

चिक्कीतल्या शेंगदाण्यात रॅफिनोज थोडं असतं, आणि त्याच्या साखळीत गॅलॅक्टोजही. ज्या यीस्टकडे मेल जनुक आहे, तेच ते सोडवून घेऊ शकतं. पावाच्या यीस्टकडे बहुधा ते नसतं. त्यामुळे विरघळलेल्या चिक्कीच्या माझ्या ग्लासात ग्लुकोज संपलं, तरी ते गॅलॅक्टोज साखळीतच अडकलेलं राहतं, आणि गॅल-३ त्याची वाट बघत बसतं.