चार अक्षरांत माणूस मावतो का?

व्यक्तिमत्त्व-चाचण्यांबद्दल बोलायचे तर सगळ्यात गाजलेल्या चाचणीपासून सुरुवात करू. मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर, म्हणजे आपल्या ओळखीची एमबीटीआय. आज तिलाच कसोटीवर घासून बघू.

कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी ती रचली. दोघींपैकी कुणीच मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. आधार होता कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथाचा. अंतर्मुख की बहिर्मुख, विचाराने ठरवणारा की भावनेने, अशा चार जोड्या. प्रत्येक जोडीतली एक बाजू निवडायची, की झाले १६ प्रकार.

आता आपल्या कसोट्या दोन. विश्वसनीयता म्हणजे तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा बसला, तर निकाल साधारण तोच यावा. सप्रमाणता म्हणजे चाचणी जे मोजते असे सांगते, तेच ती मोजत असावी. रोज बरोबर दहा मिनिटे मागे असणारे घड्याळ सातत्यात पक्के, पण वेळ चुकीचीच दाखवते. आणि कधी मागे, कधी पुढे पळणाऱ्या घड्याळावर तर भरवसाच नको.

एमबीटीआय पहिल्याच कसोटीत अडखळते. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली, की पुष्कळ जणांच्या चारपैकी निदान एक तरी अक्षर बदललेले निघते. का? कारण बहुतेकांचे गुण मध्याच्या आसपास पडतात. १६५ सेंटिमीटरवर रेघ मारून वरचे सगळे ‘उंच’ आणि खालचे सगळे ‘बुटके’ म्हटले, तर १६४ आणि १६६ वाले दोन टोकांना जातात. खरे तर ते एकमेकांच्या शेजारचे!

इथे न्यायाने बोलायला हवे. चाचणीतले प्रश्न टाकाऊ नाहीत. रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा यांनी १९८९ मध्ये दाखवले, की कप्पे न पाडता नुसते गुण पाहिले, तर एमबीटीआयच्या चार मापांचा ‘बिग फाइव्ह’मधल्या चार गुणवैशिष्ट्यांशी चांगला मेळ बसतो. घोटाळा मोजण्यात कमी आणि कप्पे पाडण्यात जास्त आहे.

पण पाचवे वैशिष्ट्य कुठे गेले? ते आहे भावनिक अस्थिरता: चिंता, चिडचिड, खचून जाणे. ते या चाचणीत नाहीच. म्हणून कुठलाही प्रकार आला तरी अहवाल वाचून आपल्याला बरे वाटते. आणि ‘अगदी माझ्याबद्दलच लिहिलंय’ हा काही पुरावा नव्हे. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि सगळ्यांना एकच वर्णन दिले, तेही ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवलेले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

गंमत म्हणून चाचणी दिली तर बिघडत नाही. पण नोकरी द्यायची की नाही हे त्या अक्षरांवर ठरू लागले, की एखाद्याच्या पोटाचा प्रश्न होतो. नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरू नये, असे तिचे प्रकाशकही सांगतात. बिग फाइव्हमधली कर्तव्यदक्षता कामगिरीशी जोडलेली आहे खरी, पण तो सहसंबंध ०.२ च्या आसपासचा. म्हणजे कामगिरीतल्या फरकांपैकी सुमारे ४ टक्केच त्यातून उलगडतात.

मराठीत तर आणखी एक पायरी आहे. ‘पार्टीत मी जान आणतो’ अशा अर्थाचे विधान इंग्रजीतून जसेच्या तसे उचलले, तर कधी पार्टीलाच न गेलेल्या शेतकऱ्याने काय उत्तर द्यायचे? त्याच्या ‘नाही’वरून तो अंतर्मुख ठरवायचा? भजनात, जत्रेत तो सगळ्यांच्या पुढे असेल! भाषांतर झाले म्हणजे सप्रमाणता आली असे नाही. ती इथल्या माणसांवर नव्याने सिद्ध करावी लागते.

तेव्हा कुणी अशी प्रश्नावली पुढे केली, की आपण दोन गोष्टी विचारू या: पुन्हा दिली तर निकाल टिकतो का, आणि कोणत्या लोकांवर, कशासाठी तपासली आहे? उत्तर मिळाले नाही, तर तिच्यावर कुणाचे भवितव्य ठरू देऊ नये.