सहभाग आणि नकार

प्रदर्शन ‘पाहिले’ असे म्हणण्याची आपली सवय आहे. गेल्या हिवाळ्यात मी ज्या प्रदर्शनाला गेलो तेथे हे क्रियापद चालत नव्हते. प्रेक्षकाने नुसते पाहू नये, त्याने करावे, त्याच्या करण्यानेच कलाकृती पूर्ण होते, अशी सूचना दाराशीच लावलेली होती. परफॉर्मन्स आर्ट या नावाने ओळखला जाणारा हा कलाप्रकार आपल्या वाचकांना फारसा परिचित नसेल. यात चित्र नसते, शिल्प नसते. कलावंताचे शरीर, त्याचा वेळ आणि त्याची कृती हीच कलाकृती असते. अलीकडे त्यात प्रेक्षकाचेही शरीर ओढून घेतले जाते आणि त्याला सहभाग म्हणतात. या ‘सहभाग’ शब्दाविषयी मला काही म्हणायचे आहे. संग्रहालय मोठ्या शहरातले होते. त्याचे नाव येथे देत नाही, कारण माझा वाद त्या एका इमारतीशी नाही.

कट्ट्याहून निघून मी ओरोसला तुतारी एक्सप्रेस धरली आणि रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी शहरात उतरलो. तिकीट काढल्यावर एका छापील कागदावर सही करावी लागली. मी एक तास पूर्ण देईन, मध्येच उठणार नाही, असा तो करार होता. घड्याळ आणि फोन कपाटात ठेवून घेतले. कानांवर आवाज बंद करणारी जाड साधने चढवली. आत एक लांबलचक पांढरे टेबल, त्यावर तांदूळ आणि मसूर एकत्र केलेला ढीग, प्रत्येकासमोर कोरा कागद आणि पेन्सिल. तांदूळ वेगळा काढायचा, मसूर वेगळी काढायची, दाणे मोजायचे आणि आकडा लिहायचा. एवढेच.

ही कृती मूळची मरिना अब्रामोविच यांची. १९४६ साली बेलग्रेडमध्ये जन्मलेल्या या कलावतीचे नाव परफॉर्मन्स आर्टच्या इतिहासात फार वर आहे. २०१० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्या सुमारे अडीच महिने, संग्रहालय उघडे असेल तितका सगळा वेळ, एका खुर्चीवर न बोलता बसून राहिल्या. समोरच्या खुर्चीवर कोणीही येऊन बसावे आणि त्यांच्या डोळ्यांत पाहावे. बसणाऱ्यांपैकी कित्येक रडले. तांदूळ मोजण्याची कृती त्यांनी २०१४ साली जिनीव्हात लोकांकडून करवून घेतली. माणसाचे चित्त सैरभैर झाले आहे, ते एकाग्र व्हावे, असा तिचा हेतू. मी ज्या प्रदर्शनाला गेलो ते त्यांचे नव्हते. त्यांच्या पद्धतीवरून बेतलेले होते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिली वीस मिनिटे मला बरे वाटले. परीक्षांचे पेपर, विद्यापीठाची परिपत्रके, घरचे कर्ज, सगळे दूर गेले. ही कला थोतांड आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तसे म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही.

पण मग एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ एकेक दाणा चिमटीत धरून उजेडाकडे नेत होते, जणू तांदूळ ही वस्तू त्यांना आयुष्यात प्रथमच भेटत होती. माझा हात मात्र भराभर चालला होता. तळवा आडवा धरून ढीग पसरायचा, बोटांच्या टोकांनी खडा मागे ओढायचा, निवडलेले पुढे सारायचे. हे मला कोणी शिकवलेले नाही. लहानपणी आईशेजारी बसून आलेले आहे. आणि आईला ते तिच्या आईकडून आलेले. माझी आजी गावच्या मोठ्या घरी लग्नकार्याच्या आधी तांदूळ निवडायला जाई. अंगणात, मांडवाच्या कडेला बसून दिवसभर निवडायचे आणि संध्याकाळी पदरात शेरभर कण्या घेऊन परतायचे. आई पोरवयात तिच्याबरोबर जात असे. आई सांगते की निवडून झालेले तांदूळ सुपातून पायरीवर ठेवायचे आणि आपण मागे सरायचे; मग घरातली बाई सूप उचलून आत नेई. न शिजलेल्या तांदळाला आजीचा हात चालत होता. त्याच तांदळाचा भात झाला की तो हात चालत नव्हता. पंगत उठल्यावर उरलेला भात तिच्या भांड्यात वरून पडे.

माझ्या अंदाजाने चाळीस मिनिटे झाली असतील. मी कानांवरची साधने काढली आणि उठलो. एक तरुण स्वयंसेविका लगबगीने आली. तास व्हायचा आहे, आपण सही केली आहे, असे तिने अत्यंत नम्रपणे सांगितले. मी म्हणालो, मला पुढे करायचे नाही. तिने वाद घातला नाही. वहीत माझ्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा लिहिला.

तो शेरा घेऊन मी बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसलो. संग्रहालय बंद होण्याच्या सुमाराला निळ्या साड्यांतल्या दोन सफाई कामगार बाया आत गेल्या. त्यांनी टेबलाखाली सांडलेले दाणे झाडून घेतले आणि दिवसभरात लोकांनी मोजून वेगळे केलेले तांदूळ आणि मसूर दोन्ही हातांनी पुन्हा एकत्र कालवले. मी एकीला विचारले, “मावशी, हे रोज तुम्हीच मिसळता?” ती म्हणाली, “मग कोण? उद्याच्या लोकांना लागतं ना.” भिंतीवर कलावंताचे, संयोजकांचे, देणगीदारांचे अशी सगळी नावे होती. या दोघींची नव्हती. वास्तविक त्या कलाकृतीत रोज न चुकता सहभागी होणाऱ्या याच दोघी.

आता मुद्द्याकडे येतो. सहभाग ही मुळातच चांगली, मुक्त करणारी गोष्ट आहे, असे ही कला गृहीत धरते. नुसता प्रेक्षक राहणे म्हणजे गुलामी आणि सामील होणे म्हणजे स्वातंत्र्य. युरोप-अमेरिकेत, जिथे माणूस दुकानाच्या काचेसमोर आणि पडद्यासमोर एकटा पडला, तिथे हे खरे असेल. पण जातिव्यवस्थेत नुसता प्रेक्षक असा कोणी नसतोच. तिथे प्रत्येकाला भूमिका जन्मतःच वाटून दिलेली असते. गावगाडा हा सहभागाचा सर्वांत जुना आणि सर्वांत पूर्ण प्रयोग आहे. माझ्या आजोबांकडे गावच्या जत्रेत ढोल वाजवण्याचा ‘मान’ होता. पालखी त्यांच्या ढोलावाचून हलत नसे आणि ते देवळाची पायरी चढू शकत नसत. त्यांच्याइतका सहभाग पालखीच्या भोयांचाही नसेल. मेलेले जनावर ओढणे, निरोप पोचवणे, दवंडी पिटणे हा सगळा सहभागच होता. १९५६ नंतर आमच्या वाडीने ढोल खाली ठेवला. त्या वर्षी पालखी अडली, धमक्या आल्या, मजुरी बंद झाली. आजोबांनी कलेविषयी कधी एक वाक्य उच्चारले नसेल. पण आमच्या घरातली पहिली स्वतंत्र कृती कोणती असे मला विचाराल तर मी त्या न वाजलेल्या ढोलाकडे बोट दाखवीन.

दलित साहित्याच्या चर्चेत ‘नकार’ हा शब्द आपण इतका वापरला की तो गुळगुळीत झाला. तो मुळात काय होता हे महाडकडे पाहिले की कळते. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची भीक सोडण्यास सांगितले. हा नकार. आणि त्याच परिषदेतून लोक चवदार तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. हा सहभाग, पण वाटून दिलेला नव्हे, नाकारलेला होता तो घेतलेला. १९२३ साली बोले यांचा ठराव कायदे कौन्सिलात मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे ठरवले होते. कागदावर आमंत्रण होते. ओंजळ पाण्यात घातल्यावर मात्र डोकी फुटली, आणि मग त्या पाण्यात शेण, गोमूत्र, दूध, दह्याची मडकी ओतून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. पाण्यावरचा हक्क न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. सहभाग खरा की खोटा हे ओळखायला मला एक साधी खूण सापडते: भाग घेतल्याने कोणाचे काही बिघडले का? त्या पांढऱ्या टेबलावर कोणाचे काहीच बिघडत नव्हते.

येथे सहभोजनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. न्यूयॉर्कच्या एका कलादालनात रिरक्रित तिरवनिजा या थाई कलावंताने १९९२ साली भात आणि रस्सा शिजवून येईल त्याला फुकट वाढला. एकत्र बसून जेवणे हीच कलाकृती, असे मानले गेले आणि त्यावर मोठमोठे ग्रंथ झाले. क्लेअर बिशप या इंग्रज समीक्षिकेने २००४ साली त्यावर योग्य प्रश्न केला की नाते निर्माण झाले हे ठीक, पण कोणत्या प्रकारचे, कोणासाठी आणि कशासाठी? आपल्या कोकणाला हा प्रश्न नवा नाही. रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी पतितपावन मंदिर बांधले, सावरकरांच्या पुढाकाराने तेथे सहभोजने झाली. त्या पंगतींत बसलेल्यांच्या धैर्याला मी कमी लेखत नाही. पण बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये स्पष्ट सांगितले की सहभोजनाने जात मरत नाही, एकत्र जेवणाऱ्या जाती आहेतच आणि तरी त्या जातीच आहेत. पंगत उठते, पत्रावळी गोळा होतात, प्रत्येकजण आपल्या वाडीला जातो. पत्रावळी कोण गोळा करतो, हा माझा त्यात भरीचा प्रश्न.

अब्रामोविच यांचीच एक जुनी कृती मला या सगळ्याहून खरी वाटते. १९७४ साली नेपल्समध्ये त्यांनी टेबलावर ७२ वस्तू मांडल्या. त्यांत गुलाब होता, मध होता, कात्री होती, पिस्तूल आणि एक गोळीही होती. सहा तास मी वस्तू आहे, माझ्यावर यांतले काहीही वापरा, जबाबदारी माझी, असे त्यांनी जाहीर केले. लोकांनी आधी फूल दिले, मग कपडे कापले, कातडी कापली, शेवटी पिस्तूल त्यांच्या मानेकडे नेले. शिक्षा होणार नाही अशी खात्री झाली की सभ्य माणसे काय करतात हे तेथे दिसले. आपल्याला ते दाखवण्याची गरज नाही; २००६ साली खैरलांजीने ते दाखवले आहे. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की सहा तास संपल्यावर त्या कलावतीला उठून चालायला लागता आले.

मग आपल्या बाजूने या प्रकारात काही होऊच शकत नाही काय? होते आहे. राज्यश्री गुडी या पुण्याच्या कलावतीने दलित आत्मकथनांतील अन्नाचे उल्लेख वेचून त्यांच्या पाककृती केल्या. पाककृतीचे व्याकरण आज्ञार्थी असते: घ्या, चिरा, उकळा. भूक सोसलेल्या माणसाचा मजकूर त्या व्याकरणात बसवला की वाचणारा दूर राहू शकत नाही. उष्टे अन्न, मेलेल्या ढोराचे मांस त्याला स्वतःच्या हाताने शिजवायला घ्यावे लागते. हाही सहभाग आहे, पण त्यात चित्त शांत होत नाही. मला तक्रार आहे ती इतकीच की असे काम बहुधा इंग्रजी जाणणाऱ्या वर्तुळात फिरते. ज्या पुस्तकांतून ते अन्न घेतले ती पुस्तके वाचणारा मुलगा मालवण तालुक्यात बसलेला असतो आणि त्याच्यापर्यंत ते पोचत नाही.

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. ती परसात उकड्या तांदळाची निवड करीत होती. हात न थांबवता म्हणाली, “तांदूळ निवडूक तू पैशे दिलंस?” मी हो म्हटले. ती जराशी हसली. मग म्हणाली, “आणि मगे ते तांदूळ शिजयल्यान कोणी?” मी सांगितले की शिजवत नाहीत, रोज तेच पुन्हा मिसळतात. यावर ती हसली नाही. सूप बाजूला ठेवून माझ्याकडे पाहत राहिली.

वर्गात ही हकीकत सांगितली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तुम्ही उठलात, पण त्या दोघींना उठता येईल का?” याचे उत्तर मला देता आले नाही. येत्या वर्षी मुलांना मुंबईला न्यायचे ठरत आहे. आधी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात नेईन. १८७२ साली उघडलेल्या या संग्रहालयाला १९७५ साली भाऊ दाजींचे नाव मिळाले. तेथे मुंबईच्या जातीजमाती आणि धंदे दाखवणाऱ्या मातीच्या लहान प्रतिकृती काचेच्या कपाटांत मांडलेल्या आहेत. आपल्या माणसांना संग्रहालयात कोणत्या रूपाने प्रवेश मिळाला हे त्यांनी प्रथम तिथे पाहावे. त्यानंतर कोठे तांदळाचे टेबल मांडलेले असेल तर तिकडेही जाऊ. बसायचे की नाही, बसलो तर किती वेळ, हे ज्याचे त्याने ठरवावे. संध्याकाळी बंद होईपर्यंत मात्र सगळ्यांनी थांबायचे आहे.