वारा, दर्या, नांगर : नाशिकच्या कवितेतून तीन रूपकांकडे

कुसुमाग्रजांचा ‘किनारा’ १९५२चा, ‘मराठी माती’ १९६०चा आणि ‘वादळवेल’ १९६९चा. समुद्र, जमीन, वारा. माणसाच्या जगण्याविषयी बोलताना मराठी कवीने पुन्हा पुन्हा याच तिघांना हाक मारली आहे. आज ही रूपके थकल्यासारखी वाटतात. दोष त्यांचा नाही, ती वापरण्याच्या रीतीचा आहे.

समुद्रापासून सुरुवात करू. नाशिकला समुद्र नाही. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरीसुद्धा सुमारे ८० किलोमीटरवरच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेकडे निघते आणि १४६५ किलोमीटर वाहते. तरीही मराठीतल्या दोन अत्यंत गाजलेल्या समुद्रकविता या मातीतल्या माणसांच्या आहेत. भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी १९०९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर मायभूमीकडे परत नेण्यासाठी सागराला साद घातली. पिंपळगाव बसवंतला बालपण गेलेल्या कुसुमाग्रजांनी ‘विशाखा’त (१९४२) कोलंबसाचे गर्वगीत लिहिले. सावरकरांचा सागर दिलेल्या शब्दाला बांधलेला आहे, म्हणून त्याच्याशी भांडता येते. कुसुमाग्रजांचा सागर आडवा येतो आणि खलाशी त्याच्यासमोर स्वतःची जिद्द मोजून घेतो. दोन्हीकडे समुद्र काहीतरी करतो. अलीकडच्या बहुसंख्य कवितांतला समुद्र मात्र नुसता अथांग असतो. तो कवीला विरोध करत नाही, म्हणून कवीकडून काही काढूनही घेत नाही.

वाऱ्याचे त्याहून वाईट झाले आहे. वादळ म्हणजे संकट, झुळूक म्हणजे सुख, असा तयार हिशेब मांडून कवी मोकळा होतो. शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींची कविता त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिथला वारा पाहावा. खळ्यावर मळणी झालेली आहे, उपणणी करायची आहे आणि वारा पडलेला आहे. तो आल्याशिवाय दाणा भुशापासून वेगळा होणार नाही. बहिणाबाई त्याला घरच्या माणसासारखी हाक मारतात. त्या वाऱ्यातून जगण्याचा जो अर्थ निघतो, तो कामाच्या पोटातून निघतो, वरून चिकटवलेला नसतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये गारपिटीने नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागा झोडपल्या. आभाळाकडे धास्तीने पाहणाऱ्या बागाईतदाराचा वारा आपल्या कवितेत अजून पुरेसा आलेला नाही.

नांगरटीचे रूपक सर्वांत जुने आणि सर्वांत खोल. गीतेने देहाला क्षेत्र म्हटले. ज्ञानेश्वरांनी १२९० च्या सुमारास ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात त्या क्षेत्राचे खरोखरीचे शेत केले. त्यात प्राण हे कूळ आहे, इंद्रिये हे बैल आहेत आणि विषयांच्या रानात रात्रंदिवस कष्ट चालले आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे शेत नेमके कोणाचे, यावरून तिथे वेगवेगळी मते मांडणाऱ्यांचा वाद उभा राहतो. नांगराच्या रूपकाच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे.

पुढच्या कवितेने नांगर ठेवला आणि हा प्रश्न सोडून दिला. ज्ञानेश्वरांचे गुरू आणि थोरले बंधू निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरला आहे आणि त्याच जिल्ह्यात तो प्रश्न रस्त्यावर जिवंत राहिला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेते झाले. मार्च २०१८ मध्ये वनजमिनीचा हक्क मागत हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याने स्वतःचे आयुष्य कोणत्या नांगराने नांगरायचे? नाशिकच्याच बाबूराव बागुलांच्या पिढीने मराठी साहित्याला अशा प्रश्नांना तोंड द्यायला लावले. निसर्गकविता त्यांच्यापासून अंतर राखून राहिली.

‘रानातल्या कविता’ (१९६७) लिहिणाऱ्या ना. धों. महानोरांना पळसखेड्याची शेती हाताने माहीत होती, म्हणून त्यांच्या शब्दाला ओल होती. त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी ती शब्दकळा उचलली, शेती उचलली नाही. आज ट्रॅक्टर नांगरतो आणि कवितेत अजून बैलजोडीच चालते. दरम्यान निफाड-दिंडोरीच्या बागांत एका पिकासाठी वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. फळ धरण्यासाठी स्वतःला कापून घेणे, हे माणसाच्या आयुष्याबद्दल केवढे मोठे विधान आहे! भावाच्या आशेने चाळीत साठवलेला आणि आतून सडत जाणारा कांदा, पेठ-सुरगाण्याहून बागांत कामाला उतरणारे मजूर, ही सगळी सामग्री दाराशी उभी आहे.

जुनी रूपके टाकून द्यावीत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. वारा, समुद्र आणि नांगर मराठी माणसाला पुढेही लागतील. पण रूपक कामातून जन्मते आणि कामाशी नाते तुटले की त्याचा नुसता अलंकार होतो. म्हणून नव्या कवींना कळकळीची विनंती आहे. नांगर लिहिण्याआधी ते शेत कोणाचे आहे, हे विचारा. वारा लिहिण्याआधी त्याची वाट कोण पाहत आहे आणि त्याला कोण भीत आहे, हे जाणून घ्या. संपादकांनी आणि परीक्षकांनीही कविता निवडताना हेच प्रश्न विचारावेत.