‘साहित्य’ : एका शब्दाचे दोन संसार

येलहंक्याच्या बाजारात एखाद्या मराठी गृहिणीने ‘पूजेचे साहित्य’ मागितले, तर कन्नडभाषी दुकानदारास क्षणभर नवल वाटावे. कन्नडच्या नित्य व्यवहारात ‘साहित्य’ म्हणजे काव्यकथादी वाङ्मय, किंवा गायनात स्वरांबरोबर येणारी पदरचना; नारळ-कापरास तेथे ‘सामग्री’ अथवा ‘सामानु’ म्हणावयाचे. मराठीत मात्र पूजेचे, स्वयंपाकाचे, बांधकामाचे, लेखनाचे असे सारे ‘साहित्य’च होय. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही कार्यास लागणारी साधने हा अर्थ नोंदलेला आहे. येलहंक्याचे नाडप्रभू केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेले बंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून या दोन भाषा तेथे शेजारी नांदत आहेत. तरी या एका शब्दाचा संसार दोघींनी निरनिराळा मांडला.

मराठीतील हा व्यावहारिक अर्थ म्हणजे मूळ अर्थाचा अपकर्ष, असे कोणास वाटेल. वस्तुतः तसे नाही. ‘सहित’ असण्याचा भाव ते साहित्य. भामह व कुंतक यांनी शब्द आणि अर्थ यांच्या सहितत्वातच काव्य पाहिले. फडताळातील नारळ हा नुसता जिन्नस आहे. हळदकुंकू, फुले, विड्याची पाने यांसह तो पूजेसाठी तबकात मांडला, म्हणजे तो साहित्यात जमा होतो. ‘सामग्री’त समग्रतेवर भर आहे, फारसीतून आलेले ‘सामान’ हेतूवाचूनही पडून राहू शकते. ‘साहित्या’स परस्परसंबंध व प्रयोजन ही दोन्ही हवीत.

समीक्षेस येथे एक कसोटी सापडते. लेखकाजवळ अनुभव, प्रदेश, बोली, सामाजिक वेदना यांचा मोठा साठा आहे, एवढ्यावरून आपण कृतीस श्रेष्ठ ठरवितो, तेव्हा आपण केवळ सामानाची यादी वाचीत असतो. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे घटकांच्या संघटनेवर भर दिला, तो याच कारणाने महत्त्वाचा वाटतो.

अर्थात साम्यासही मर्यादा आहे. पूजा आटोपली की फुलांचे निर्माल्य होते, कापूर जळून जातो. वाङ्मयातील साहित्य असे कार्यात सरत नाही. कारण तेथे मांडणी हेच कार्य असते. तेव्हा कृतीत काय काय आहे हे मोजून न थांबता, ते सारे कशासाठी एकत्र आले, हे समीक्षकाने विचारावे. तबक मांडणारी गृहिणी तो प्रश्न कधीच विसरत नाही.