जवळच्या वाटेची किंमत

उद्याच्या जगातील शर्यतीच्या कथांत एक प्रसंग हमखास येतो. जमिनीला चाक न टेकवता धावणाऱ्या तरंगगाड्या भरवेगात असतात, नायक मागे पडलेला असतो आणि दरीतून जाणारी, सहसा कोणी न धरणारी एक जवळची वाट त्याला दिसते. तो तीत शिरतो व जिंकतो. वाचकाचा श्वास रोखला जातो खरा; पण तो कशापायी, हे टीकाकाराने विचारले पाहिजे.

आपल्या मातीतली शर्यत सरळ रेषेची. जुन्नर-खेडकडच्या घाटात बैलगाडा एकेकटा सुटतो आणि झुंजतो तो घड्याळाशी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली व २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या वादात प्रश्न होता बैलाच्या यातनांचा. वाटेच्या निवडीचा नव्हे. जवळच्या वाटेची कथा ही निवडीची कथा असल्यामुळे मराठी लेखकाला ती नवी आहे.

निवडीला मात्र किंमत हवी, आणि ती विज्ञानच ठरवते. १९५९ साली हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या यानाने इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हापासून हे ठाऊक आहे की अशा वाहनाला वळणावर धरून ठेवायला चाकाचे घर्षण नसते. वेग दुप्पट केला की वळण्यासाठी चौपट बल लागते. वळण निम्म्याने आवळले की पुन्हा दुप्पट. म्हणजे अरुंद वाटेवर वेग तरी सोडावा लागतो, नाहीतर कडा गाठावा लागतो. हा हिशेब टाळणारा लेखक नायकाला नशिबाने जिंकवतो.

‘बेन हर’ (१९५९) या चित्रपटातील रथांची शर्यत मनात राहते ती दोन जुन्या मित्रांच्या वैरामुळे. चाके केवळ निमित्त. उलट जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा, जिला १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले, तिच्यातून विज्ञान काढले तर गोष्टच उरत नाही. शर्यतीच्या कथेला ही दोन्ही बळे हवीत.

आणि तिसरेही. या कथांतल्या जवळच्या वाटेवर कोणी राहतच नाही! भिवंडीच्या वाचकाला हे चटकन खटकेल. अंजूरफाट्याची कोंडी चुकवायला गोदामाकडे निघालेला ट्रक जेव्हा वस्तीतल्या गल्लीत घुसतो, तेव्हा वाचलेल्या दहा मिनिटांचे मोल एकटा चालक देत नाही. यंत्रमागाची रात्रपाळी संपवून पायी घरी निघालेला कामगारही देतो. त्या दरीत एखादे घर, एखादा उजळलेला दिवा ज्या दिवशी आपला लेखक दाखवील, त्या दिवशी नायकाचा हात सुकाणूवर खरोखर थरथरेल. मग तो जिंकला काय अन् हरला काय, कथा आपली झालेली असेल.