रुपे आणि रूप

जुन्या वाद्यांच्या छायाचित्रांचा एक साचा आता ठरून गेला आहे. भिंतीला टेकवलेली सतार, तिच्या भोपळ्यावर पडलेला उन्हाचा तिरपा पट्टा, शेजारी झेंडूची माळ आणि चित्र काशीचे असेल तर मागे अंधुक दिसणारा घाट. संगीतमहोत्सवांच्या स्मरणिकांपासून दिनदर्शिकांपर्यंत हीच मांडणी आढळते. छायाप्रकाशाच्या दृष्टीने ही चित्रे बहुधा निर्दोष असतात. तरीही त्यांनी आमचे समाधान होत नाही. उणीव तंत्रात नसून दृष्टीत आहे, असे आम्हांस वाटते.

२०१५ साली युनेस्कोने वाराणसीचा समावेश संगीतनगरींत केला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, याच नगरीतून कै. उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या पाच सनया चोरीस गेल्या. त्यांतील चार चांदीच्या होत्या. जानेवारी २०१७ मध्ये पोलिसांच्या हाती लागली ती वितळवलेली चांदी. तिचे १७,००० रुपये आले होते, असे वृत्तपत्रांनी छापले. चोराला तेथे रुपे दिसले, सनई दिसली नाही. आमचे म्हणणे कठोर वाटेल. परंतु ज्या छायाचित्रात चकाकीखेरीज काही उरत नाही, त्याची दृष्टी सराफाच्या तराजूहून फारशी निराळी नसते.

मग पाहावयाचे ते काय? सनईचा प्राण तिच्या फुंकावयाच्या पत्तीत असतो. ही पत्ती नरकट नावाच्या बोरूसारख्या गवताची. खाँसाहेबांच्या जन्मगावाच्या, डुमरावच्या, परिसरात शोण नदीकाठी हे गवत मिळते. पत्ती ओठांत भिजते, झिजते आणि एके दिवशी टाकून दिली जाते. बाजारात तिला मोल नाही. पण वादकाचा श्वास तिनेच झेललेला असतो. तंबोऱ्याचेही तसेच. काशीच्या मराठी वस्तीत काय किंवा मिरजेच्या कारागिरांच्या आळीत काय, वाजवलेला तंबोरा ओळखू येतो तो हस्तिदंती नक्षीवरून नव्हे. घोडीवर तारांनी पाडलेले चरे, तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा, खुंट्यांवर बसलेला हाताचा मळ, हेच त्याचे आत्मचरित्र होय. आणि आमचे छायाचित्रकार चित्र घेण्यापूर्वी नेमके तेच पुसून काढतात!

युरोपातील एका जुन्या चित्रकाराची येथे आठवण होते. इटलीतील बेर्गामोचा एव्हारिस्तो बास्केनिस (१६१७–१६७७) याने वाद्यांची स्थिरचित्रे रंगविण्यात आयुष्य वेचले. त्याच्या चित्रांत पालथ्या पडलेल्या ल्यूटच्या पाठीवर धूळ साचलेली दिसते, आणि त्या धुळीत कोणाची तरी बोटे फिरल्याच्या रेषा. माणूस चित्रात नाही. तरी तो नुकताच येऊन गेला आहे. त्या चार रेषांनी मौनालाही अर्थ आला आहे.

यावर कोणी म्हणेल की, छायाचित्रकार हा काही वस्तुसंग्रहालयाचा कारकून नव्हे. सौंदर्यासाठी मांडणी करण्याचा त्याला अधिकार आहे. हा अधिकार आम्हांस मान्यच आहे. पट्टी शेजारी ठेवून घेतलेल्या नोंदचित्रात वाद्याची लांबी कळते, जीवन कळत नाही. पण बास्केनिसनेही मांडणीच केली होती. त्याने धूळ पुसली नाही, एवढाच फरक. आणि कलेच्या प्रांतात तो फरक थोडा नाही.

कॅमेरा स्वर टिपू शकत नाही, ही त्याची मर्यादा उघड आहे. तथापि, स्वर काढणाऱ्या हाताची खूण त्याला टिपता येते, आणि ती दुसऱ्या कोणालाही इतक्या अचूकपणे टिपता येत नाही. वितळलेल्या सनया आता परत यावयाच्या नाहीत. घराघरांतील कोनाड्यांत ज्या अजून उभ्या आहेत, त्यांची चित्रे घेणाऱ्यांनी त्यांना सजवण्याआधी क्षणभर न्याहाळावे. सराफ ज्याला घट म्हणून वजा करील, तेथेच चित्राचा विषय असतो.